गिल्बर्ट हिल : दोरी सुटलेली मोळी

अंधेरी पश्चिमेला रिक्षात बसून 'गिल्बर्ट हिल' म्हटलं, की रिक्षावाला गावदेवी डोंगरीच्या तोंडाशी सोडतो. पुढं गल्ली, पाण्याचे निळे ड्रम, उभे टेम्पो. आणि मग दोन इमारतींच्या फटीतून एकदम समोर येते सुमारे 60 मीटर उंचीची काळी भिंत. तिच्यावर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा, रांगोळीच्या फणीने ओढाव्यात तशा. जवळ गेल्यावर कळतं की प्रत्येक रेघ म्हणजे एका दगडी खांबाची कड आहे. खाली पडलेल्या एका तुकड्याच्या बाजू मी मोजल्या, पाच भरल्या. शेजारच्याच्या सहा.

हे खांब कुणी घडवले नाहीत. वैशाखात मराठवाड्यातलं काळं रान पाहिलं असेल तर त्यांची रीत लगेच कळेल. मातीतलं पाणी उडून जातं, माती आकसते, आणि रानाला भेगा पडून पाच-सहा बाजूंची ढेकळं सुटी होतात. लाव्हाच्या बाबतीत पाण्याऐवजी उष्णता निघून जाते. हजार-अकराशे अंश तापमानाचा रस थिजतो, थिजलेला दगड थंड होताना आकसतो आणि तडकतो. तड जसजशी आत शिरते तसतसा खांब लांबत जातो. (ती काळी मातीही याच दगडाची झीज होऊन झालेली, म्हणजे आकसून भेगाळण्याची खोड घराण्यातलीच म्हणायची.)

तडा नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत जातात. लाव्हा ज्वालामुखीच्या उभ्या नळीत थिजला असता, तर नळीच्या भिंतींजवळचे खांब वखारीतल्या ओंडक्यांसारखे आडवे पडले असते. इथं ते सरळ उभे आहेत. म्हणजे उष्णता वरून आणि खालून निघून गेली असावी आणि लाव्हाचा जाड थर सावकाश निवला असावा. 'हे ज्वालामुखीच्या तोंडातलं बूच' हे वर्णन म्हणूनच मला पटत नाही.

दुसरी दंतकथा वयाची. टेकडी साडेसहा कोटी वर्षांची आणि डायनोसॉरांच्या अंताची साक्षीदार, असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं. पण 2001 साली या दगडातल्या आर्गॉन वायूवरून काढलेलं वय निघालं 6 कोटी 5 लाख वर्षं, बारा लाख इकडे-तिकडे. डायनोसॉर संपले 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. सह्याद्रीचे लाव्हाचे प्रचंड थर प्रामुख्याने त्याच सुमाराचे. गिल्बर्ट हिल त्यानंतरची, दख्खनच्या लाव्हाचं शेंडेफळ.

शेंडेफळाचे लाड वेगळे, तसा मुंबईचा दगडही वेगळा. घाटात थर जवळजवळ आडवे आहेत, इथं ते पश्चिमेला समुद्राकडे कललेले. कान्हेरीची लेणी कोरली आहेत ती ज्वालामुखीतून उडालेले तुकडे सांधून बनलेल्या खडकात. राजाबाई टॉवरचा पिवळसर दगड कुर्ल्याचा. आणि वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांच्या मधे, चक्क उथळ तळ्यांचा गाळ आहे. त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. 1847 साली त्यांना शास्त्रीय नाव दिलं रिचर्ड ओवेन यांनी. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे तेच हे ओवेन. मुंबईला डायनोसॉर हुकले, पण त्यांना नाव देणारा बेडकांसाठी तरी मिळाला.

हा सगळा पट मुंबईने खडी करून संपवत आणला. त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही, माझ्याही घराचा पाया त्याच खडीचा आहे. पण गिल्बर्ट हिलचं दुखणं जरा निराळं. तिचे खांब एकमेकांना चिकटलेले नाहीत, नुसते खेटून उभे आहेत, सरपणाच्या मोळीसारखे. मोळीची दोरी म्हणजे भोवतीचा खडक, आणि तो खाणकामात निघून गेला. आता सांध्यांतून पावसाचं पाणी उतरतं, पिंपळाची मुळं शिरतात. पायथ्याशी पायासाठी खणलं की आधार आणखी कमी होतो.

संरक्षण कागदावर आहे. 1952 मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाल्याची नोंद आहे, 2007 मध्ये महापालिकेच्या वारसा यादीत दुसरी श्रेणी मिळाली. मात्र उद्यानाचा कायदा झाडं-प्राणी डोळ्यांसमोर ठेवून केलेला, वारसा यादी मुख्यतः इमारतींसाठी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण लोणारसारखी स्थळं राष्ट्रीय भूवारसा म्हणून जाहीर करतं, पण त्या घोषणेला स्वतःचे दात नाहीत. खडकासाठी वेगळा कायदा हवा म्हणून डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा काढला. उत्तर आयर्लंडमधले असेच सुमारे 40,000 बेसाल्टचे (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचे) खांब 1986 पासून जागतिक वारसा आहेत. तिथं जपला आहे तो खांबांसकट अख्खा किनारा. आपण उरलेला सुळका तेवढा यादीत घातला. माझ्या मते आधी जपायला हवी ती पायथ्याभोवतीची मोकळी जागा, मग वरचा देखावा.

पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवीचं देऊळ आहे, वारा आहे, चहूकडे टॉवर आहेत. उतरताना एका घराच्या मागे पाहिलं. मागची भिंत बांधलेलीच नाही, टेकडीचे खांब हीच भिंत. त्यावर कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी ताणलेली. खिळा दगडात जाईना म्हणून दोन खांबांमधल्या सांध्यात ठोकलेला.