नेपल्समधले प्राचीन अवशेष आणि म्युझियम

नेपल्स (तिकडे म्हणतात नापोली) हे दक्षिण इटलीतलं समुद्रकाठचं शहर. इसवी सनाच्या साधारण पाचशे वर्षं आधी ग्रीक लोकांनी वसवलं आणि नाव ठेवलं निआपोलिस, म्हणजे नवं शहर, आपल्याकडे नवेगाव असतं तसंच. जुन्या भागाला १९९५ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. ग्रीकांनी आखलेले तीन लांब सरळ रस्ते आजही वापरात आहेत, त्यातूनच स्कूटर भुर्रकन अंगावरून जातात.

रोमसारखे मोठाले खांब बघायला मिळतील असं वाटून गेलात तर निराश व्हाल, कारण इथलं जुनं बरंचसं जमिनीखाली आहे. पियाझ्झा बेल्लिनीत (पियाझ्झा म्हणजे चौक) खड्ड्यात ग्रीक तटबंदीचा तुकडा दिसतो, आणि सान लोरेन्झो माज्जोरे चर्चच्या खाली उतरलं की चक्क रोमन बाजाराची गल्ली लागते, दुकानांच्या गाळ्यांसकट. शहर टफ नावाच्या, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडावर आहे, ग्रीकांनी तो खणून घरं बांधली, त्या पोकळ्यांत रोमनांनी पाणी खेळवलं आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायला लागले तेव्हा लोक तिथेच लपले. एका ठिकाणी तर साध्या घरातला पलंग सरकवून खालच्या झडपेतून रोमन थिएटरमध्ये उतरतात! मेट्रो खणतानाही पियाझ्झा मुनिचिपिओपाशी जुनं बंदर आणि रोमन जहाजं सापडली.

नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियम मात्र एवढ्यातेवढ्यात उरकायचं नाही, अर्धा दिवस ठेवाच. खाली फार्नेझे या इटलीतल्या सरदार घराण्याचे संगमरवरी पुतळे आहेत, दमून सोट्यावर रेललेला हर्क्युलीस आणि फार्नेझे बुल, दोन्ही रोममधल्या काराकाल्ला या सम्राटाच्या स्नानगृहांत सापडलेले. पण खरी गंमत पाँपेईच्या सामानाची. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, जवळची हर्क्युलेनियम आणि पाँपेई ही रोमन गावं गाडली गेली, १७३८ आणि १७४८ ला खणायला सुरुवात झाली आणि तिथल्या बूर्बोन घराण्यातल्या राजाने चांगली भित्तिचित्रं भिंतीतून कापून काढून नेली. म्हणून पाँपेईत कितीतरी भिंती उघड्याबोडक्या दिसतात आणि चित्रं इथे फ्रेममध्ये! अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारियस यांच्या लढाईचं मोझेकही असंच, १८३१ ला पाँपेईतल्या हाऊस ऑफ द फॉन या घरात सापडलं, आता त्या घरात नक्कल आहे. एकच घर दोन ठिकाणी बघायचं, असा हा प्रकार आहे, म्हणून म्युझियम आणि पाँपेई यांपैकी एकच करून आलात तर अर्धंच बघितलंत.

मराठी माणसाने म्युझियममधलं गुप्त दालनही चुकवू नये. तिथे शृंगारिक वस्तू आहेत म्हणून पूर्वी कुलूप असायचं, पण त्याच दालनात एक वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय मूर्ती आहे, १९३८ मध्ये पाँपेईत मिळालेली. तिला लक्ष्मी म्हणतात खरं, पण बऱ्याच अभ्यासकांना ती यक्षी वाटते. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती भोकरदनला आणि तेरला सापडल्यात, त्यामुळे ही आपल्या भागातून गेली असावी असं एक मत आहे. म्हणजे जालन्याकडची बाई दोन हजार वर्षांपूर्वी इटलीला पोचलेली.

पाँपेईला चिर्कुमवेसुवियाना लोकलने अर्ध्या-पाऊण तासात जाता येतं, गर्दी असते, खिसा सांभाळा. आत सावली जवळपास नाही. गावाचा साधारण तिसरा हिस्सा अजून खणलेलाच नाही. राखेत माणसांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या होत्या, १८६३ मध्ये फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने त्यात प्लास्टर ओतलं, ते साचे बघवत नाहीत पण पाय निघत नाही.

त्याच लाईनवर एर्कोलानो स्टेशनला उतरून हर्क्युलेनियम. ते लहान आहे पण मला तेच जास्त आवडतं, कारण तिथे जळून कोळसा झालेले लाकडी दरवाजे, खाट, पाळणा टिकलाय आणि वरचे मजलेही. खाली समुद्राकाठी होड्या ठेवायच्या कमानींत जवळपास तीनशे माणसांचे सांगाडे निघाले, बोट येईल म्हणून थांबलेले. उरलेलं शहर आजच्या एर्कोलानोच्या खाली आहे, उत्खननाच्या कडेवरच बिल्डिंगा आहेत आणि बाल्कन्यांत कपडे वाळत असतात.