जुन्या गेमचं घड्याळ, भुसावळचा मे महिना आणि लिनक्स

डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या, पीसी चालवणाऱ्या प्रणालीच्या) काळातला एखादा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आजच्या लॅपटॉपवर लावला, की गाडी नीट दिसायच्या आतच कठड्यावर आदळलेली असते. गेम बिघडलेला नसतो, त्याचं घड्याळ हरवलेलं असतं. ते परत बसवून द्यायची सोय लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, फार चांगली आहे.

1981 चा आयबीएम पीसी 4.77 मेगाहर्ट्झवर चालायचा. त्या सुमाराचे बरेच गेम लिहिताना हाच वेग गृहीत धरला जाई: गाडी एक पाऊल सरकवायची, मग प्रोसेसरला ठरावीक वेळा रिकामं मोजायला लावायचं, मग पुढचं पाऊल. यंत्र शंभरपट वेगवान झालं की तेवढंच मोजणं शंभरपट लवकर उरकतं.

काही प्रोग्रॅम जरा हुशारीने लिहिलेले असत, पण तेही फसले. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात बनवलेले कित्येक प्रोग्रॅम सुरू होताच ‘रनटाइम एरर 200’ म्हणून बंद पडतात. पीसीचं आतलं घड्याळ सेकंदाला 18.2 ठोके देई, म्हणजे दर 55 मिलिसेकंदांना एक. एका ठोक्यात रिकामी फेरी किती वेळा होते ते हा प्रोग्रॅम मोजतो आणि त्या आकड्याला 55 ने भागतो. उत्तर ठेवायला जागा 16 बिटांची, म्हणजे फार तर 65535. साधारण 200 मेगाहर्ट्झच्या पुढच्या यंत्रांवर उत्तर त्या जागेत मावत नाही आणि प्रोसेसर भागाकार सोडून देतो. पडद्यावर ‘शून्याने भागलं’ असं येतं, पण शून्याने कुणीच भागलेलं नसतं.

या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, डॉसबॉक्स. हा प्रोग्रॅम जुना प्रोसेसर, आवाजाचं साउंड ब्लास्टर कार्ड आणि त्या काळचा व्हीजीए पडदा असं अख्खं यंत्र सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांवर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत) ‘सुडो अॅप्ट इन्स्टॉल डॉसबॉक्स’ असं टाइप करा. होम फोल्डरमध्ये ‘डॉस’ नावाचं फोल्डर करून त्यात गेम ठेवा. फोल्डरचं नाव आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता असू द्या, कारण डॉसला त्यापुढचं कळत नाही. मग डॉसबॉक्समध्ये ‘माउंट सी ~/डॉस’, एंटर, ‘सी:’, एंटर, आणि गेमच्या फोल्डरमध्ये जाऊन तो चालू करा.

खरी किल्ली ‘सायकल्स’ या आकड्यात आहे. एका मिलिसेकंदात किती सूचना पार पाडायच्या, ते हा आकडा ठरवतो. अगदी पहिल्या पीसीसाठी सुमारे 300, 33 मेगाहर्ट्झच्या 386 प्रोसेसरसाठी सुमारे 6000, 66 मेगाहर्ट्झच्या 486 साठी सुमारे 25000 धरा. गेम चालू असताना कंट्रोल आणि एफ11 दाबलं की वेग उतरतो, कंट्रोल आणि एफ12 ने चढतो. लॅपटॉपवर बहुधा एफएन बटणही सोबत दाबावं लागतं. ‘एरर 200’ आली तर आकडा आधी उतरवा, मग प्रोग्रॅम सुरू करा. आवाज तुटक येत असेल तर बहुतेक वेळा आकडा गरजेपेक्षा कमी असतो, किंवा इतका चढवलेला असतो की तुमचंच यंत्र मागे पडतं.

1993 च्या ‘डूम’ला हा त्रास नाही. त्यातलं जग सेकंदाला बरोबर 35 वेळा पुढे सरकतं, प्रोसेसर कुठलाही असो. त्याचा सोर्स कोड (मूळ लिहिलेला प्रोग्रॅम) 1997 च्या डिसेंबरमध्ये खुला झाला, त्यामुळे लिनक्सवर तो डॉसबॉक्सशिवायही चालतो. मूळ अनुभव हवा असेल तर त्या कोडवरून बनलेला ‘चॉकलेट डूम’ घ्यावा, आमच्या मते तोच सगळ्यात प्रामाणिक.

विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायला वाइन हा प्रोग्रॅम, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 2018 पासून त्यावरच बेतलेला प्रोटॉन. इथे मात्र सायकल्स नाहीत. जळगाव-धुळ्याच्या सायबर कॅफेत ज्या काळात तासावर पैसे देऊन गेम खेळले जायचे, त्या काळातल्या काही गेमचं घड्याळ फ्रेमला, म्हणजे पडद्यावर काढल्या जाणाऱ्या एकेका चित्राला, बांधलेलं आहे. ‘जीटीए सॅन अँड्रियास’चंच पाहा. मेनूतला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती फ्रेम काढायच्या त्याची मर्यादा) बंद केला तर पाण्यात पोहण्याचा वेग विचित्रपणे मंदावतो. तो चालूच ठेवा. ज्या गेममध्ये अशी सोय नाही, तिथे मँगोहड हा फ्रेमवर मर्यादा घालू शकणारा प्रोग्रॅम बसवून त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एफपीएस_लिमिट=30’ ही ओळ टाका. फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणाऱ्या नुसत्या व्ही-सिंकवर विसंबू नका. 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर तो 144 फ्रेम काढू देतो आणि गेम पुन्हा बिथरतो.

ही मर्यादा भुसावळ, जळगावकडे दुहेरी कामाची आहे. मर्यादा नसेल तर 2003 सालचा गेम सेकंदाला तीन-चारशे फ्रेम काढत बसतो. 60 हर्ट्झच्या पडद्याला त्यातल्या साठच पुरे असतात, बाकीच्यांची नुसती उष्णता होते. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर ठरावीक अंशांनी चढतं. 26 अंशांच्या खोलीत 80 वर थांबणारी चिप 42 अंशांच्या खोलीत 96 च्या आसपास जाते. 100 जवळ आलं की प्रोसेसर स्वतःच वेग कापतो. पहिली दहा मिनिटं गेम लोण्यासारखा आणि मग झटके, हे त्याचंच लक्षण. ‘एलएम-सेन्सर्स’ बसवून टर्मिनलवर ‘सेन्सर्स’ टाइप केलं की तापमान समोर दिसतं.

अशा वेळी लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर घ्या आणि त्याची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर वर टेकवा. पंख्याच्या जाळीत अडकलेली फुफाट्याची धूळ ब्रशने काढा. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूकडे पोचवणारा लेप) बदललेली नसेल तर ती बदलून घ्या, तुरीच्या दाण्याएवढी पुरते. कूलरची हवा चालेल, पण तुषार उडतील इतक्या जवळ यंत्र ठेवू नका. आणि डॉसबॉक्समध्ये सायकल्स ‘मॅक्स’वर ठेवून जाऊ नका, त्यात प्रोसेसरचा एक अख्खा कोर विनाकारण राबत राहतो. 386 च्या गेमला 6000 पुरतात आणि तेवढ्यात पंख्याचा आवाजही फारसा वाढत नाही.