अणुसुरक्षा मुत्सद्देगिरी आणि मुलकी अणुसहकार्य

अणुबॉम्बला लागतो तो माल, म्हणजे युरेनियम आणि प्लुटोनियम, भलत्याच्या हाती पडू नये, आणि त्याच वेळी ज्या देशांना अणुविज्ञानातून वीज किंवा कॅन्सरचे उपचार पाहिजेत त्यांची अडवणूकही होऊ नये, यासाठी देशादेशांत ज्या वाटाघाटी, करार आणि तपासण्या चालतात त्या सगळ्या कारभाराला मिळून हे नाव आहे. बॉम्ब आणि वीज एकाच टेबलावर का, तर दोघांचं मूळ एकच. खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचा भाग (युरेनियम-२३५) एक टक्कासुद्धा नसतो, तो वाढवत ३ ते ५ टक्क्यांवर नेला की बऱ्याच रिअ‍ॅक्टरांचं इंधन होतं आणि तसंच पुढे ९० टक्क्यांच्या आसपास नेला की बॉम्बचा माल. मशीन तेच, सेंट्रिफ्यूज (म्हणजे गरगर फिरवून कामाचा भाग वेगळा काढणारं यंत्र) तेच, म्हणून नुसतं मशीन बघून कोणाच्या मनात काय आहे ते कळत नाही आणि म्हणूनच इतकी बोलणी करावी लागतात.

एका शब्दात तीन गोष्टी

मराठीत वाचताना पहिला घोळ इथेच होतो. पेपरवाले सगळ्यालाच 'सुरक्षा' म्हणतात, पण व्हिएन्नामध्ये बसणारी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था (आयएईए) तीन वेगळी कामं मानते. सेफ्टी म्हणजे अपघात होऊ नये, चेर्नोबिल किंवा फुकुशिमासारखं. सिक्युरिटी म्हणजे चोरी, तोडफोड, अतिरेकी हल्ला होऊ नये. आणि सेफगार्ड्स म्हणजे ज्या देशाकडे माल आहे त्या देशानेच तो गुपचूप बॉम्बकडे वळवू नये म्हणून बाहेरच्या माणसांनी येऊन केलेली तपासणी. पहिल्या दोघांत जबाबदारी त्या त्या देशाची असते, तिसऱ्यात मात्र संशय त्या देशावरच असतो, म्हणून सगळ्यात जास्त भांडणं तिसऱ्यावर होतात. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचं अर्धं कोडं आपोआप सुटतं.

सौदा

८ डिसेंबर १९५३ ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू' हे भाषण केलं, तिथून सुरुवात धरतात. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततामय वापरावर मोठी परिषद भरली, अध्यक्ष होते आपले होमी भाभा, आणि २९ जुलै १९५७ ला आयएईए अस्तित्वात आली. तपासणीचे नियम लिहिताना भाभांनी तेव्हाच जोरदार हरकत घेतली होती, की मोठ्या देशांची तपासणी नाही आणि मदत मागायला येईल त्याच्या घराची मात्र झडती, हे बरोबर नाही. माझ्या मते भारताची पुढच्या पन्नास वर्षांची सगळी भूमिका त्या एका हरकतीत आहे.

१९७० मध्ये एनपीटी, म्हणजे अण्वस्त्रप्रसारबंदी करार, लागू झाला. त्यातला सौदा असा की ज्यांनी १ जानेवारी १९६७ च्या आधी स्फोट केला ते पाच देश अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी बॉम्ब बनवायचा नाही, बदल्यात त्यांना शांततामय वापराचा हक्क आणि मदत, आणि त्या पाचांनी हळूहळू शस्त्रं कमी करत जायची. भारत, पाकिस्तान, इस्रायल यांनी सही केली नाही. उत्तर कोरियाने केली आणि २००३ मध्ये बाहेर पडतो म्हणून जाहीर केलं.

सिव्हिल लाइन्समधून दिसणारा १२३ करार

नागपूरला हा विषय परका नाही. सिव्हिल लाइन्समध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आहे, आणि त्याच सिव्हिल लाइन्समध्ये अणुखनिजं शोधणाऱ्या केंद्रीय खात्याचं, एएमडीचं, मध्य विभागाचं ऑफिस आहे. कोळशाचं आणि युरेनियमचं ऑफिस एकाच वस्तीत. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात, त्यांची राख आजूबाजूच्या गावांनी किती वर्षं सोसली ते इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, म्हणून अणुविजेचं बोलणं निघालं की इथे लोक कान देऊन ऐकतात. सदर भागातल्या एका टपरीवर एकदा एका ऑटोवाल्या भाऊंनी मला विचारलं, "भाऊ, ते मनमोहनसिंगच्या टायमाला एवढा गदारोळ झाला, त्यात आपल्याला भेटलं काय?" प्रश्न एकदम नेमका होता.

उत्तरासाठी तारापूरपासून यावं लागतं. १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने तारापूरचे दोन संच दिले, ते १९६९ ला सुरू झाले, आणि त्यांना इंधन पुरवायचा शब्दही दिला. १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम कॅनडाच्या मदतीने बांधलेल्या आणि अमेरिकी जड पाणी (काही रिअ‍ॅक्टरांना लागणारं खास पाणी) वापरलेल्या सायरस रिअ‍ॅक्टरमधलं होतं, आणि ती मदत शांततामय वापरासाठी म्हणून दिलेली होती. कॅनडा चिडला, अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा करून पुरवठा आवळला, आणि माल विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन एनएसजी (न्यूक्लिअर सप्लायर्स ग्रुप) हा गट बनवला जो मुळात आपल्याच स्फोटामुळे जन्माला आला. तारापूरला मग फ्रान्स, चीन, रशिया असं एकेकाकडून इंधन आणावं लागलं. देशातलं युरेनियम कमी, त्यामुळे २००७-०८ च्या सुमारास आपले रिअ‍ॅक्टर निम्म्या क्षमतेच्या आसपास चालत होते. बांधून तयार, पण इंधन नाही, आणि त्याच काळात विदर्भातल्या खेड्यापाड्यांत तासन्‌तास लोडशेडिंग.

१८ जुलै २००५ ला मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचं संयुक्त निवेदन आलं, की भारत आपले मुलकी रिअ‍ॅक्टर वेगळे काढून तपासणीला देईल आणि बदल्यात अमेरिका मुलकी अणुसहकार्य करेल. भारताने २००६ मध्ये आपले रिअ‍ॅक्टर दोन गटांत वाटले, २२ पैकी १४ मुलकी, ते आयएईएला उघडे, बाकीचे बंद. डॉ. अनिल काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, फास्ट ब्रीडर (जाळतो त्याहून जास्त नवं इंधन तयार करणारा रिअ‍ॅक्टर) मुलकी यादीत जाता कामा नये हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि तसंच झालं. या कराराला विरोध म्हणून डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलै २००८ ला सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी वाचलं, ६ सप्टेंबरला एनएसजीने भारताला, एनपीटीवर सही नसतानाही, माल विकायची सूट दिली आणि १० ऑक्टोबर २००८ ला प्रणव मुखर्जी आणि कॉन्डोलिझा राइस यांनी १२३ करारावर सही केली. १२३ हा आकडा अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या कलमाचा.

तर भाऊंना उत्तर असं, की अमेरिकेचे रिअ‍ॅक्टर त्या करारातून ताबडतोब आले नाहीत, २०१० च्या भरपाई कायद्यात पुरवठादारावरही जबाबदारी होती म्हणून कंपन्या बिचकल्या. पण बाजार उघडला. रशिया, कझाकस्तान, फ्रान्स, नंतर कॅनडा, सगळ्यांकडून युरेनियम यायला लागलं, कॅनडाच्या एका कंपनीशी तर २०१५ मध्ये पाच वर्षांत सुमारे ३००० टनांचा करार झाला, आणि रावतभाटा, काकरापारचे अर्धपोटी रिअ‍ॅक्टर पूर्ण ताकदीने चालायला लागले. भेटलं ते हे, आणि हे कमी नाही.

हिशोब

तपासणी म्हणजे काय ते समजायला इतवारीच्या सराफ्यात उभं राहावं. कारागिराला सोनं वजन करून देतात, दागिना वजन करून परत घेतात, घट किती ते लिहितात, आणि दुकानाच्या फरशीवरची धूळसुद्धा फेकत नाहीत, झारेकरी ती नेऊन धुतो कारण तिच्यातही सोनं असतं. अणुइंधनाचं हेच आहे. आयएईएचे इन्स्पेक्टर येतात, इंधनाचे बंडल मोजतात, नंबर ताडून पाहतात, वापरलेल्या इंधनाच्या पाण्याच्या तळ्यावर कॅमेरे लावतात, दारांना असं सील लावतात की उघडलं तर कळेल. आकडेही ठरलेले आहेत, ८ किलो प्लुटोनियम किंवा जास्त समृद्ध युरेनियममधलं २५ किलो युरेनियम-२३५, इतका माल हिशोबातून गायब झाला तर एक बॉम्ब होऊ शकतो असं धरून चालतात. शेकडो किलो मालावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात पाइपांच्या आत काही ग्रॅम चिकटून राहणारच, तेव्हा घट खरी की चोरी, हा प्रश्न सराफाला जितका जुना तितकाच व्हिएन्नालाही. २०१५ चा इराण करारसुद्धा शेवटी हिशोबच होता, ३.६७ टक्क्यांच्या वर समृद्ध करायचं नाही आणि ३०० किलोच्या वर साठा ठेवायचा नाही. २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि मग इराणनेही ते आकडे पाळणं सोडलं.

पिवळ्या पाटीमागचा कोबाल्ट

माझ्या मावशीला तोंडाचा कॅन्सर झाला, नागपुरात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किती घरांत शिरलाय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तिच्या रेडिएशनसाठी मी रोज सोबत जायचो. जाड भिंतींची खोली, तीन पाकळ्यांचं चिन्ह असलेली पाटी, टेक्निशियन बाहेर आला की जड दार बंद, वर लाल दिवा, आणि आत मावशी एकटी, बाहेर आम्ही काचेतून पडद्यावर बघत. त्या मशीनच्या डोक्यात कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य असतं, दर सव्वापाच वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते म्हणून ते बदलावं लागतं. भारत हे कोबाल्ट स्वतःच्या रिअ‍ॅक्टरमध्ये बनवतो, मशीनही बनवतो, भाभाट्रॉन नावाचं आपलं मशीन आयएईएमार्फत व्हिएतनामला भेट दिलं गेलं. सहकार्य हा शब्द मला तेव्हा नीट कळला.

पण उतरवलेलं जुनं कोबाल्ट जातं कुठे, हा सिक्युरिटीचा प्रश्न. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं कॅनडात बनलेलं गॅमा मशीन फोडलं गेलं, आतलं कोबाल्ट उघडं पडलं, अनेक जण भाजले आणि एका कामगाराचा जीव गेला. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातून असंच सीझियम, तेही किरणोत्सर्गी, भंगारात गेलं, चार माणसं मेली आणि एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. दोन्हीकडे अतिरेकी नव्हते, भंगारवाले होते, पोट भरायला लोखंड फोडत होते.

मायापुरीचे पेशंट हॉस्पिटलमध्ये असतानाच, १२ आणि १३ एप्रिल २०१० ला वॉशिंग्टनमध्ये ओबामांनी बोलावलेली पहिली अणुसुरक्षा शिखर परिषद भरली, ४७ देश होते, आणि तिथे मनमोहन सिंग यांनी अणुऊर्जा भागीदारीचं जागतिक केंद्र भारतात काढायची घोषणा केली, ते हरियाणात बहादूरगडजवळ उभं राहिलं. पुढे सोल २०१२, हेग २०१४ आणि परत वॉशिंग्टन २०१६. या परिषदांचा भर बॉम्बच्या मालावर होता. त्या मालाच्या संरक्षणाच्या जुन्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ ला दुरुस्ती ठरली, ती लागू व्हायला ८ मे २०१६ उजाडलं, अकरा वर्षं. आणि तो करार कोबाल्ट-सीझियमला लागू होतच नाही, त्यांच्यासाठी आयएईएची आचारसंहिता आहे जी कायद्याने कोणावर बंधनकारक नाही. हा मला या सगळ्या रचनेतला सगळ्यात मोठा खड्डा वाटतो.

जिथे जमलं

उस्त-कामेनोगोर्स्क हे कझाकस्तानातलं शहर लक्षात ठेवण्यासारखं आहे. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिथल्या कारखान्यात सुमारे ६०० किलो जास्त समृद्ध युरेनियम पडून होतं, १९९४ मध्ये कझाकस्तानने ते अमेरिकेला गुपचूप विमानांनी नेऊ दिलं. त्याच कारखान्याच्या आवारात २०१७ ला आयएईएच्या इंधन बँकेचं उद्घाटन झालं आणि २०१९ ला ती प्रत्यक्षात सुरू झाली, राजकारणामुळे एखाद्या देशाचं इंधन अडलं तर ९० टनांपर्यंतचा साठा तयार. दुसरं उदाहरण १९९३ चं, रशियाने आपल्या अस्त्रांमधलं ५०० टन युरेनियम पातळ करून अमेरिकेला विकलं, २०१३ पर्यंत अमेरिकेतल्या एकूण विजेपैकी जवळपास दहावा हिस्सा त्यातून निघत होता.

युद्धाच्या वेळी काय, याचं उत्तर अजून कच्चं आहे. मार्च २०२२ मध्ये रशियाने युक्रेनचं सहा रिअ‍ॅक्टरांचं झापोरिझिया केंद्र ताब्यात घेतलं, सप्टेंबरपासून आयएईएची माणसं तिथे राहतात, पण तोफगोळे थांबवायचा अधिकार त्यांना नाही.

भारत आणि पाकिस्तानने हे आधीच लिहून ठेवलं होतं. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादमध्ये, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार झाला, तो जानेवारी १९९१ मध्ये लागू झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद दोन्हीकडे एकाच वेळी याद्या दिल्या-घेतल्या जातात, प्रत्येक केंद्राचे अक्षांश-रेखांश त्यात लिहिलेले असतात. कारगिलनंतरच्या जानेवारीतही यादी गेली, २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनी आलेल्या १ जानेवारी २००९ लासुद्धा गेली.