वक्र टर्नआउटवरचा ‘त्रिज्या’ हा आकडा: पार्श्वभूमी

टर्नआउट म्हणजे एका मार्गाचे दोन मार्ग होतात तो रुळाचा तुकडा; वक्र टर्नआउटमध्ये दोन्ही मार्ग एकाच बाजूला वळतात. त्यावरचा त्रिज्येचा आकडा का फसवतो हे समजायला आधी थोडा इतिहास. खेळण्यातल्या गाड्यांचे गेज (दोन रुळांमधलं अंतर) १८९१ पासून ठरत गेले, पण आज लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, आखताना जे आकडे आडवे येतात ते बरेच नंतरचे. १६.५ मिमी गेजच्या, टेबलावर धावणाऱ्या गाड्यांनी १९३५ च्या लाइपझिग व्यापारमेळ्यापासून जम बसवला. पूर्ण वर्तुळ टेबलावर मावलं पाहिजे, ही पहिली अट होती. ३६० मिमी त्रिज्या घेतली तर ७२ सेंमीचं वर्तुळ होतं. हा ३६० आणि ब्रिटिश सेट ट्रॅकमधले (ठरावीक मापाच्या तयार रूळ-तुकड्यांमधले) ३७१, ४३८, ५०५ हे आकडे त्याच टेबलाचे वारस. एचओ (१६.५ मिमी गेजचं एक मॉडेल-माप) याच्या १:८७ प्रमाणात ३६० मिमी म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ३१ मीटर. खऱ्या रुळावरचं ३०० मीटरचं वळणसुद्धा मॉडेलमध्ये साडेतीन मीटरच्या आसपास जातं.

याची किंमत डब्यांनी मोजली. युरोपातला २६.४ मीटरचा डबा एचओमध्ये ३०३ मिमी व्हायला हवा, पण अनेक वर्षं तो आखूड करून, १:१०० च्या हिशेबाने २६४ मिमीचा विकला गेला. कारण साधं आहे. त्या डब्याच्या बोगींमधलं (खालच्या दोन चाकगाड्यांमधलं) अंतर १९ मीटर, मॉडेलमध्ये २१८ मिमी. ३६० च्या वळणावर पूर्ण लांबीच्या डब्याचा मध्य आतल्या बाजूला साधारण १६.५ मिमी सरकतो, म्हणजे अख्ख्या एका गेजइतका. शेजारून येणाऱ्या गाडीला तो घासू नये म्हणून सेट ट्रॅकमध्ये दोन रूळमार्गांत ६७ किंवा ७७.५ मिमी अंतर सोडतात. खऱ्या चार मीटरचे ४६ मिमी पुरले असते. पुढे १९८० च्या दशकात वळणावर आपोआप लांब होणारी कपलिंग आली, डबे एकमेकांना चिकटून दिसू लागले, पूर्ण लांबीचे डबेही रुळले. त्याबरोबर सगळा भार त्रिज्येवर आला. सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट त्रिज्या, हा ठोकताळा लावला तर ३०३ मिमीच्या डब्याला ९१ सेंमी लागतात. ४३८ ही त्या डब्याच्या दीडपटही नाही.

आता टर्नआउट. मराठीत याला ‘सांधा’ म्हणतात, सांधेवाला हा शब्द त्यातूनच आला. पण रुळांच्या दोन तुकड्यांचा जोडही सांधाच, म्हणून इथे टर्नआउट हाच शब्द बरा. खऱ्या रेल्वेत, जर्मनीत विशेषतः, वक्र टर्नआउट म्हणजे सरळ टर्नआउट वाकवून केलेला. समजा त्याची वळती बाजू १५२४ मिमी त्रिज्येची आहे. मुख्य रूळही त्याच दिशेला १५२४ मध्ये वाकवला की वक्रतांची (१ भागिले त्रिज्या) बेरीज होते: १/१५२४ + १/१५२४ = १/७६२. बाहेरची त्रिज्या ६० इंच, आतली ३० इंच, ही मॉडेलमधली सुपरिचित जोडी अशी बसते. विरुद्ध दिशेला तेवढंच वाकवलं तर वळती बाजू चक्क सरळ होते.

सेट ट्रॅकवाल्यांनी मात्र वेगळा निर्णय घेतला, आणि माझ्या मते बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्यांच्या अनेक वक्र टर्नआउटमध्ये दोन्ही बाजूंची त्रिज्या एकच असते, दोन्हीकडे ३६० किंवा दोन्हीकडे ४३८. बाहेरचा रूळ फक्त थोडा सरळ पुढे जाऊन मग वळतो. पुढे सरकलेलं ते अंतर ९० अंश वळल्यावर दोन मार्गांमधलं अंतर होतं, म्हणून तुकडे अचूक जुळतात. भूमिती सुबक आहे. पण बाहेरची बाजू पाहून ‘ही तर सौम्य दिसते’ असं समजणारा फसतो, कारण ती आतल्याइतकीच तीव्र आहे. जागा वाचवायला असा टर्नआउट मुख्य मार्गावर घातला, की त्या मार्गाची किमान त्रिज्या तोच ठरवतो, मग बाकी वळणं कितीही मोठी असोत.

फ्लेक्स ट्रॅकबरोबर (हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाबरोबर) वापरायच्या मोठ्या टर्नआउटचा घोळ वेगळा. त्यांच्यावरची त्रिज्या ‘नाममात्र’ असते. टंग रेल (मार्ग बदलायला सरकणारा रूळ) आणि फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा) यांच्याजवळचा भाग सरळ ठेवला, तर तेवढंच वळण उरलेल्या लांबीत उरकावं लागतं. ७६२ मिमीच्या टर्नआउटचा चौथा हिस्सा सरळ आहे असं धरलं, तर उरलेल्या भागाची त्रिज्या ५७१.५ वर येते, म्हणजे थेट सेट ट्रॅकच्या चौथ्या त्रिज्येवर. लांब चाकतळाचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेलं, इंजिन अडतं ते तिथे. खोक्यावरचा आकडा वाचून रूळ पक्के करणाऱ्याला ते उशिरा कळतं. अमेरिकी पद्धतीचा ‘नंबर ६’ तर त्रिज्या सांगतच नाही. तो फ्रॉगचा कोन सांगतो, सहाला एक असा. दोन्ही बाजू वळलेल्या टर्नआउटवर त्या कोनावरून फक्त दोन वक्रतांमधला फरक कळतो, एकही त्रिज्या कळत नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटलं आहे. पूर्ण मापाचे कागदी नमुने छापून घेता येतात, संगणकावर हव्या त्या वक्रतेचा टर्नआउट आखता येतो, स्लीपरचा पायाही थ्रीडी प्रिंटरवर काढता येतो. तरी तयार माल घेणाऱ्याने एक करावं: नमुना टेबलावर पसरून आतल्या रुळाच्या वळणाऱ्या भागात १०० मिमीची पट्टी दोन्ही टोकं रुळाच्या रेषेला टेकवून धरावी आणि मधोमध पट्टी व रूळ यांच्यातली फट मोजावी. ती १.६ मिमी भरली तर तिथली त्रिज्या ७८० च्या आसपास आहे, २.२ भरली तर ५७० च्या.