टीपीपीओसाठी कॉलम लावून कंटाळलात? मण्यांवरचं फॉस्फिन आणि इतर रेझिन वापरण्याआधी वाचा

ट्रायफिनाइलफॉस्फिन हाताळलेल्या माणसाला टीपीपीओची, म्हणजे त्यापासून उरणाऱ्या ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइडची, ओळख करून द्यायला नको. रिअ‍ॅक्शन मजेत होते, टीएलसीवर (मिश्रणातले घटक दाखवणाऱ्या पट्टीवर) प्रॉडक्टचा स्पॉट ठळक येतो, आणि मग हा ऑक्साइड दोन दिवस पिच्छा सोडत नाही. हेक्झेनमध्ये ढवळा, गाळा, घटक वेगळे करायला सिलिकाचा कॉलम लावा, फ्रॅक्शन जमवा. एवढं करून एनएमआर (रेणूंची ओळख पटवणारा आलेख) काढला की साडेसात पीपीएमच्या आसपास साहेब हजरच.

आमच्या रेझिनमध्ये हेच फॉस्फिन पॉलिस्टायरिनच्या बारीक मण्यांना रासायनिक बंधाने जोडलेलं असतं. डायव्हिनाइलबेन्झिनने साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे मणी सॉल्व्हंटमध्ये फुगतो, पण विरघळत नाही. काम झालं की ऑक्साइड मण्यावरच राहतो. गाळलं की तो गाळणीवर आणि प्रॉडक्ट खाली.

मण्यांचं नाव काढलं की अनेकांना पेप्टाइड आठवतात. मण्यांवर पेप्टाइड बनवण्याची पद्धत रॉबर्ट ब्रूस मेरीफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण तिथे तयार होणारा रेणूच मण्याला बांधलेला असतो. इथे उलट आहे: रिएजंट मण्यावर, तुमचा माल द्रावणात. म्हणून टीएलसी, एचपीएलसी, एनएमआर सगळं रोजच्यासारखंच चालतं.

किती घ्यायचं?

समजा १० मिलिमोल अल्कोहोलचं ब्रोमाइड करायचं आहे आणि फॉस्फिन दीडपट, म्हणजे १५ मिलिमोल लागतं. सुटं घेतलं तर ३.९ ग्रॅम. रेझिनच्या लेबलवर दर ग्रॅमला ३ मिलिमोल लोडिंग (मण्यांवर बसलेलं फॉस्फिन) असेल तर ५ ग्रॅम, दीड मिलिमोल असेल तर १० ग्रॅम. लोडिंग प्रत्येक लॉटला थोडं बदलतं, त्यामुळे मागच्या बाटलीच्या आकड्यावर वजन करू नका. ब्रोमीन पुरवणारं कार्बन टेट्राब्रोमाइड मात्र द्रावणातच राहतं, ते हात राखून घाला.

मित्सुनोबू (फॉस्फिन वापरून अल्कोहोल आणि आम्ल जोडणारी रिअ‍ॅक्शन) करणाऱ्यांनी आधीच ऐकून ठेवावं: रेझिनने ऑक्साइडचा त्रास जातो, डायआयएडी या तिथल्या दुसऱ्या रिएजंटपासून होणाऱ्या हायड्रॅझिन डायकार्बॉक्सिलेटचा नाही. तो अर्धा त्रास तसाच उरतो. डायआयएडीऐवजी डाय-टर्ट-ब्युटिल अ‍ॅझोडायकार्बॉक्सिलेट घेतलं तर ते शेवटी आम्लाने फोडता येतं, अर्थात तुमच्या रेणूला आम्ल सोसत असेल तर.

साबुदाण्यासारखं भिजवा

तक्रारींचे बहुतेक फोन इथलेच असतात. साबुदाणा पाण्यात फुगतो, तेलात नाही. आमचा मणी याच्या अगदी उलट. डायक्लोरोमेथेन, टीएचएफ, टोल्युइनमध्ये मस्त फुगतो. मिथेनॉल, पाणी, हेक्झेनमध्ये कोरडाच बसतो. रिएजंटचा बराचसा भाग मण्याच्या पोटात आहे. मणी फुगला नाही तर तुमचा रेणू आत जाणार कुठून? नवीन सॉल्व्हंट घेण्याआधी १ ग्रॅम रेझिन मेजरिंग सिलिंडरमध्ये टाका, सॉल्व्हंट ओता, अर्ध्या तासाने पातळी बघा. दुप्पटही झाली नसेल तर सॉल्व्हंट बदला. मिथेनॉलशिवाय गत्यंतरच नसेल तर मॅक्रोपोरस रेझिन मागा. त्याची भोकं कायमची असतात, फुगण्यावर काम अडत नाही.

ढवळायला चुंबकाची कांडी नको. सुरुवातीला आम्हीच एक फ्लास्क रात्रभर मॅग्नेटिक स्टिररवर ठेवला होता. सकाळी मण्यांचं पीठ झालेलं, आणि ते सिंटर्ड फनेलमधून सरळ प्रॉडक्टमध्ये. शेकर वापरा, नाहीतर वरून पातं सोडून हळू फिरवा.

गाळल्यावर एकदाच धुऊन थांबू नका, माल मण्यात अडकलेला असतो. आधी डायक्लोरोमेथेन, मग मिथेनॉल, पुन्हा डायक्लोरोमेथेन: मणी फुगतो, आक्रसतो, आणि पिळलेल्या स्पंजासारखा आतलं सोडतो. दोन-तीन फेऱ्या पुरतात. यील्ड कमी आली असं कुणी कळवलं की आमचा पहिला प्रश्न हाच असतो, किती वेळा धुतलं?

जास्तीचं उचलणारे रेझिन

अमाइड करताना जादा अमाइन घातलं आणि ते काढायचं आहे. साध्या आम्लाच्या धुण्याने जात असेल तर कृपा करून आमचं रेझिन विकत घेऊ नका. पण प्रॉडक्टच बेसिक असेल तर आम्ल दोघांनाही घेऊन जाईल. तिथे आयसोसायनेट रेझिन उपयोगी पडतं. ते प्राथमिक आणि द्वितीयक अमाइन पकडतं, तृतीयक सोडून देतं.

सुझुकी (पॅलेडियमने कार्बन-कार्बन जोडणारी रिअ‍ॅक्शन) नंतर उरणाऱ्या पॅलेडियमसाठी सिलिकावरचं थायॉल आहे. तोंडावाटे घ्यायच्या औषधात आयसीएच क्यू३डी या औषधांतल्या धातूंच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे; रोजचा डोस १० ग्रॅम धरला तर १० पीपीएम. सिलिका फुगत नाही, म्हणून मिथेनॉलमध्येही चालतं. तीव्र अल्कलीत मात्र घालू नका, सिलिकाच विरघळेल.

जपून

कुठल्याही रेझिनवर नायट्रिक अ‍ॅसिड ओतू नका. स्फोट होऊ शकतो. अ‍ॅझाइड असलेलं रेझिन डायक्लोरोमेथेनमध्ये कधीच नको, कारण त्यातून डायअ‍ॅझिडोमेथेन तयार होऊ शकतं आणि ते स्फोटक आहे. वापरलेले मणी बेसिनमध्ये किंवा साध्या कचऱ्यात नाही, घातक कचऱ्याच्या ड्रममध्ये. वर्कअप स्वच्छ झाला म्हणून कचरा संपला असं नाही. कॉलमची सिलिका आणि लिटरभर सॉल्व्हंट वाचतं, मणी उरतातच.

सुटं फॉस्फिन आमच्या रेझिनपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. तुमचा माल छान क्रिस्टलाइज होत असेल आणि ऑक्साइड मदर लिकरमध्ये (स्फटिक काढल्यावर उरलेल्या द्रावणात) निघून जात असेल, तर तेच वापरा. मोठ्या बॅचलाही हे सहसा परवडत नाही. जिथे एकापाठोपाठ वीस-तीस लहान रिअ‍ॅक्शन करायच्या आहेत आणि प्रत्येकीला कॉलम लागतोय, तिथे रेझिनचे पैसे वसूल होतात.

नमुना मागवताना सॉल्व्हंट, तापमान आणि किती मिलिमोलवर काम आहे एवढं कळवा. फॉस्फिनची बाटली उघडल्यावर नायट्रोजन सोडून घट्ट बंद करा, हवेने ते हळूहळू ऑक्साइड होतं.