शुश्रूषागृह (वृद्धांचे)

रोजची कामे स्वतःची स्वतः करता न येणाऱ्या, पण रुग्णालयात ठेवण्याइतके आजारी नसलेल्या वृद्धांची चोवीस तास परिचर्या करणारी निवासी संस्था. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की छोटे खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांपुढे येते. ते येथे अभिप्रेत नाही. वृद्धाश्रमही निराळा. तेथे बहुधा हिंडते-फिरते लोक राहतात.

मागणीचे मूळ ऐंशी ओलांडलेल्यांच्या संख्येत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ही संख्या २०२० ते २०५० या काळात तिप्पट होऊन ४२.६ कोटींवर जाईल. स्मृतिभ्रंश, पक्षाघात आणि खुब्याचे हाड मोडणे यांचे प्रमाण वयाबरोबर वाढते, तर घरात सांभाळणारे कमी होतात : मुले एक-दोन, तीही दूर, आणि जोडीदार स्वतःच थकलेला. हा भार वाटून घेण्यासाठी जर्मनीने १९९५ मध्ये व जपानने २००० मध्ये शुश्रूषा-विमा सुरू केला.

प्रवेश देताना वयापेक्षा परावलंबन पाहावे. कॅट्झ निर्देशांकात त्यासाठी सहा गोष्टी तपासतात : अंघोळ, कपडे, शौचास जाणे, पलंगावरून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे.

खाटा वाढवणे सोपे, माणसे मिळणे अवघड. कर्मचाऱ्याची एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. ४८ तासांच्या आठवड्याने साडेतीन माणसे लागतात, रजा-आजारपण धरून चारांहून अधिक. नियोजनात हा हिशेब हमखास चुकतो आणि त्याची झळ रात्रपाळीला बसते.

माणसे कमी पडली की पहिली खूण कातडीवर दिसते. माकडहाड, टाचा व खुबे यांवर सतत दाब राहिल्याने रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण होतो. बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर तो सुरू झालाच असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेथे हात लावून ऊब किंवा कडकपणा पाहावा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, पण पूर्ण कुशीवर न वळवता सुमारे ३० अंश कलते ठेवावे, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. टाचा उशीवर न टेकवता पोटरीखाली उशी देऊन अधांतरी ठेवाव्यात. सरकवताना ओढू नये, चादरीने उचलावे. हवेची गादी असली तरी कूस बदलणे चुकत नाही.

भरवण्यातली घाईही अशीच अंगाशी येते. ताठ बसवून लहान घास द्यावा, गिळल्याची खात्री करूनच पुढचा, आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. गिळण्याची संवेदनाच मंदावली असेल तर ठसकाही लागत नाही, म्हणून जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येतो का तेही ऐकावे.