दीडशे मिलिलिटरचा बॉयलर आणि नागपूरचं पाणी

नागपुरात पहिला मोठा पाऊस झाला की घरोघरी कूलर आवरायला घेतात. ताटीतलं वूड वूल तोवर पांढरं, कडक झालेलं असतं आणि टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर खरखरीत पापुद्रे धरलेले असतात. पाणी हवेत गेलं, क्षार मागे राहिले. खरोखर वाफेवर धावणाऱ्या छोट्या मॉडेल इंजिनांच्या बॉयलरमध्ये हेच घडतं. फरक इतकाच, की कूलरची ताटी दरवर्षी बदलता येते. सिल्व्हर सोल्डरने कायमचा जोडलेला तांब्याचा बॉयलर उघडून घासता येत नाही. म्हणून या छंदात गॅस किंवा कोळशाइतकीच चर्चा पाण्याची होते.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपात असतात तोवर पाणी नितळ दिसतं. तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट नळ्यांवर बसतं. कॅल्शियम सल्फेट त्याहून चिवट. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते; याचं उलट आहे, पाणी तापेल तसं ते कमी विरघळतं. त्यामुळे थर धरतो तो नेमका सर्वांत तापलेल्या पत्र्यावर. बॉयलरचा दाब ३ बार असेल तर आतलं पाणी साधारण १४४ अंश सेल्सिअसला असतं, हेही लक्षात असू द्या.

किती थर? हिशोब करून पाहू. ४५ मिलिमीटर गेजच्या (रुळांमधल्या अंतराच्या) इंजिनात समजा १५० मिलिलिटर पाणी मावतं. बोअरिंगच्या पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला ३०० मिलिग्रॅम धरू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे, म्हणजे ३०० काही भयंकर नव्हे. एका भरणीत ४५ मिलिग्रॅम क्षार आत गेले. शंभर भरण्यांत साडेचार ग्रॅम. सगळे बसले आणि शंभर चौरस सेंटिमीटरवर सारखे पसरले, तर थराची जाडी होते जेमतेम ०.१७ मिलिमीटर.

एवढ्याशा थराने बिघडतं काय? यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: थरामुळे उष्णता अडते, इंधन वाया जातं. मोठ्या इंजिनाच्या भट्टीपाशी ते खरंच आहे, कारण तांबं या थरापेक्षा शेकडो पट चांगली उष्णता वाहून नेतं. पण छोट्या बॉयलरमध्ये गरम वायूकडून धातूकडे उष्णता जातानाच इतका अडथळा असतो, की त्यापुढे हा पातळ थर खिजगणतीतही नाही. माझ्या मते खरी गोम छिद्रांत आहे. गेज ग्लासच्या (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीच्या) वाटा, बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या फीड पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची बैठक, सगळा कारभार मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. क्षाराची एक कपची सुटून तिथे अडकली की गेज ग्लास खोटी पातळी दाखवते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गळायला लागतो, नाहीतर चिकटून बसतो. चमचाभर गॅस जास्त जळला तर चालेल, पण हे दोन घोटाळे अजिबात चालणार नाहीत.

मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयातली इंजिनं पाहताना मनात येतं, की यांना पाण्याचे असे नखरे परवडणारे नव्हते. चालतं इंजिन एका फेरीत हजारो लिटर पाणी पीत असे. ते ऊर्ध्वपातित करणार, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड करणार कोण? स्टेशनजवळ जी नदी, जी विहीर, तिचं पाणी घ्यायचं, जमेल तिथे चुना-सोड्याने त्याचा जडपणा कमी करायचा आणि ठरावीक काळाने बॉयलर धुवायचा. फ्रेंच रेल्वेतल्या लुई आर्मां या अभियंत्याने १९४०च्या दशकात याहून हुशारीची वाट काढली. पाण्यात सोडा आणि टॅनिन घालून त्याने क्षारांचा दगड होऊ दिला नाही. त्यांचा मऊ गाळ व्हायचा आणि तो झडप उघडून सोडून द्यायचा. आपल्या दीडशे मिलिलिटरला ही रसायनं मोजून घालत बसण्यापेक्षा चांगलं पाणी शोधणं सोपं.

ते नागपुरात कुठे मिळेल? बोअरिंगचं पाणी बाद. कॉर्पोरेशनचं नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं, म्हणजे पृष्ठभागावरचं, त्यामुळे सहसा बोअरिंगपेक्षा हलकं. पण तेही निव्वळ वापरू नये. सॉफ्टनरचं पाणी फसवं असतं. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे थर धरत नाही, पण विरघळलेला ऐवज तेवढाच राहतो. प्रत्येक भरणीला तो साठत गेला की पाणी फेसाळतं. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस पेनला हा फरक कळत नाही, कारण ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं. जडपणा ओळखायला जुनी युक्ती बरी: बाटलीत पाणी घ्या, साध्या साबणाचा कीस टाका (डिटर्जंट नको) आणि हलवा. जड पाण्यात फेस येत नाही, दह्यासारखी साय तरंगते.

घरच्या आरओचं पाणी चालतं, पण आधी मोजून घ्या. चव यावी म्हणून मशीनवाले त्यात थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतात.

एसीचं पाणी मला आवडतं. ते हवेतल्या बाष्पाचं दवच असतं, क्षार जवळपास नाहीत. कॉइलवरची धूळ तेवढी गाळून घ्यावी लागते. गंमत अशी, की नागपुरात पारा ४५ला टेकतो तेव्हा एसी दिवसभर चालूनही पाईपमधून जेमतेम ठिबकतं, कारण हवा कोरडी ठणठणीत असते. तीच नळी ऑगस्टमध्ये बादली भरते. त्याच दिवसांत पावसाचं पाणीही धरता येतं. पहिले पाऊस सोडून द्यावेत आणि सिमेंटच्या गच्चीवरून आलेलं घेऊ नये, त्यात पुन्हा चुनाच येतो.

बॅटरीच्या दुकानातलं ‘डिस्टिल्ड वॉटर’ वर्षभर मिळतं. ते पुष्कळदा वाफ थंड करून मिळवलेलं नसतं, रेझिनमधून क्षार काढलेलं डीएम वॉटर असतं. त्याच दुकानात ॲसिडचेही तसलेच कॅन असतात, म्हणून घरी आणल्यावर टीडीएस पेन बुडवायचंच. डीएमवर एक आक्षेप असा, की ते ‘भुकेलं’ असतं आणि पितळेतलं जस्त खातं. अतिशुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं आणि पितळेतलं जस्त निघून गेलं की मागे गुलाबी, सच्छिद्र तांबं उरतं, हे खरं आहे. पण हवा लागलेलं ऊर्ध्वपातित पाणीही तसंच वागतं. फिटिंग ब्रॉन्झची असतील तर काळजी नको. पितळेची असतील तर नऊ भाग डीएममध्ये एक भाग नळाचं पाणी घालावं. ज्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी विजेच्या सेन्सरने कळते, त्याला तर एवढे क्षार लागतातच, नाहीतर सेन्सरला पाणी दिसत नाही. शुद्धतेचा खरा हट्ट कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या ६६० मेगावॅटच्या संचांना धरावा लागतो. तिथे दाब २२१ बारच्या वर असतो, पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही, आणि वाफ वेगळी करून क्षार काढून टाकायला ड्रमही (पिंपासारखं भांडंही) नसतो.

इंजिन फिरवून झालं की दाब पूर्ण उतरू द्यावा आणि पाणी कोमट असतानाच बॉयलर रिकामा करून फिलरची टोपी काढून ठेवावी. टोपी बंद राहिली तर थंड होताना आत निर्वात तयार होतो आणि वंगणाच्या डब्यातलं तेल मागे बॉयलरमध्ये ओढलं जातं. मग कितीही चांगलं पाणी भरा, ते फेसाळतं आणि चिमणीतून वाफेऐवजी तेलकट शिंतोडे उडतात.